कुणाला कोणता सुगंध शोभतो?

गेल्या गणेश चतुर्थीच्या आधीची गोष्ट. माटोळीचं सामान आणायला आम्ही पणजीच्या बाजारात गेलो होतो. मी आणि माझी मुलगी. तिला नुकतीच नोकरी लागलेली, पहिल्या पगाराचे पैसे हातात, आणि आजीला काहीतरी घ्यायचंच हा हट्ट. साडी नको म्हणाली, आजीकडे साड्या आहेत. शेवटी गार्सिया द ऑर्ता उद्यानाच्या बाजूच्या रस्त्यावर एका दुकानात शिरली आणि थेट सुगंधाच्या बाटल्यांपाशी जाऊन उभी राहिली. तिथल्या मुलीने कागदाच्या पट्ट्यांवर एकेक फवारा मारून आमच्या नाकापुढे धरला. चौथी की पाचवी पट्टी मुलीला आवडली. हलका वास होता. आधी काहीतरी पिकलेलं फळ, मग मागून फूल.

बाटलीसोबत एक छोटं कार्ड होतं. सरकारी नोकरीत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला कुठलाही छापील कागद दिसला की तो शेवटपर्यंत वाचायची खोड असते. कार्डावर लिहिलं होतं की हा फुलाफळांचा हलका सुगंध आनंदी, निरागस, स्वप्नाळू, तरुण स्त्रीच्या व्यक्तिमत्त्वाला शोभतो.

"बाबा, आजी आनंदी आहे, निरागसही आहे," मुलगी म्हणाली, "तरुण नाही एवढंच. चारात तीन गुण जुळले."

चौथा गुण स्वप्नाळूपणाचा. तो आजीत आहे की नाही, हे मला सांगता आलं नाही. आपल्या आईबद्दल ही एवढी साधी गोष्ट आपल्याला माहीत नाही, हे त्या दुकानात उभं राहिल्यावर लक्षात आलं.

घरी आल्यावर आईने बाटली हातात घेतली, फिरवून बघितली, आणि परत दिली. म्हणाली, "म्हाका सोबना तें."

आमच्या कोकणीतलं हे 'सोबना' फार सोपं क्रियापद नाही. 'मला आवडत नाही' असं ती म्हणाली नव्हती. 'मला शोभत नाही' असं म्हणाली होती. आवड आपली असते. शोभणं मात्र दुसऱ्यांनी ठरवलेलं असतं. त्या रात्री मला झोप येईना, आणि झोप आली नाही की मी जुनी पुस्तकं काढतो. कुणाला कोणता सुगंध शोभतो हे कधीपासून ठरत आलं आणि कुणी ठरवलं, याचा थोडा माग काढला. तोच आज तुमच्यापुढे ठेवतो आहे.

आधी त्या वासाकडे जाऊ. फूल आणि फळ यांचा एकत्र वास ही आजच्या बाजारातली नवलाई वाटते. पण मराठी माणसाने जरा आठवून बघावं. आपल्याकडे एका चाफ्याचं नावच 'कवठी चाफा' आहे. त्याचं पांढरट फूल उमललं की पिकल्या कवठाची आठवण येते, म्हणून ते नाव. हिरवा चाफा तर लपून बसतो, पानाच्याच रंगाचा. फूल पिवळं पडू लागलं की अख्ख्या परसात पिकलेल्या फळाचा घमघमाट सुटतो आणि घरातला माणूस विचारतो, फणस कापला की काय? ज्या वासाला आज इतक्या किमतीच्या बाटलीत विकतात, तो निसर्गाने आपल्या कुंपणाशी फुकट ठेवलेला होता, आणि आपल्या भाषेने त्याला नावही देऊन टाकलं होतं.

जुन्या ग्रंथांतही ही जोडी सापडते. वात्स्यायनाच्या कामसूत्रात नागरकाच्या, म्हणजे शहरी रसिक माणसाच्या, शय्यागृहाचं वर्णन आहे. त्याच्या उशाशी काय काय असावं याची यादी आहे. रात्री उरलेली उटी, फुलांची माळ, मेणाचा करंडा, सुगंधी द्रव्यांची डबी, विडे, आणि या सगळ्यांत महाळुंगाची साल. महाळुंग म्हणजे कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातात असतं ते लिंबाच्या कुळातलं मोठं फळ. फुलाशेजारी फळाची साल ठेवायची, ही समज तेव्हाही होती. आणि लक्षात घ्या, हा सगळा सरंजाम पुरुषाच्या उशाशी आहे.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत 'गंधयुक्ती' नावाचा अख्खा अध्याय आहे. ज्योतिषाच्या ग्रंथात सुगंधाला जागा मिळते यावरूनच त्याचं महत्त्व कळावं. तिथे सोळा द्रव्यांतून चार-चार निवडून किती मिश्रणं होतील याचं गणित आहे. उत्तर १,८२०. शाळेत ज्यांना क्रमचय-संचयाने रडवलं त्यांनी हा हिशेब करून बघावा, बरोबर येतो. त्याहून मला मजेची वाटली ती दुसरी गोष्ट. बकुळ, कमळ, चंपक, अतिमुक्तक या फुलांसारखा वास, ती फुलं न वापरता, कोष्ठ-चंदनासारखी इतर द्रव्यं मिसळून कसा आणावा हे तो सांगतो. म्हणजे नकली चाफा सहाव्या शतकातच तयार होता!

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात राजाच्या भोगांची प्रकरणं आहेत. त्यात स्नान, विलेपन, धूप हे सगळे भोग स्वतंत्र मांडले आहेत. आमच्या गोव्याचे कदंब या चालुक्यांचे मांडलिक, त्यामुळे चांदोर-गोपकपट्टणच्या वाड्यांतही थोडाफार हाच शिरस्ता असणार, असं मला आपलं वाटतं. विलेपनात ऋतू बघितला जाई. उन्हाळ्यात चंदनासारखं थंड, थंडीत केशर-कस्तुरीसारखं उष्ण. आजही जुने अत्तरवाले उन्हाळ्यात वाळा, मोगरा, गुलाब पुढे करतात आणि थंडीत हिना. त्यात शास्त्रही आहे. उकाड्यात सुगंधी द्रव्यं भराभर उडतात, त्यामुळे जो वास डिसेंबरात ऊबदार वाटतो तोच मे महिन्यात आमच्या दमट हवेत डोकं उठवतो.

म्हणजे सुगंध 'शोभणं' पूर्वी ऋतूवर आणि प्रसंगावर अवलंबून होतं. स्वभाव कुणी विचारत नव्हतं.

मराठी वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. गंधशास्त्रावरचे 'गंधसार' आणि 'गंधवाद' असे दोन संस्कृत ग्रंथ आहेत. ते लोकांच्या नजरेआड होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी त्यांच्या हस्तलिखिताकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं, आणि पुढे १९८९ मध्ये वडोदऱ्याच्या प्राच्यविद्या संस्थेने ते छापले. त्यातल्या 'गंधवादा'वर टीका आहे ती मराठीत! म्हणजे कधीकाळी कुणी मराठी माणूस बसून, कुठलं द्रव्य किती घ्यायचं, कसं कुटायचं, कसं वासवायचं हे आपल्या भाषेत समजावून देत होता. त्या टीकाकाराचं नावही आपल्याला ठाऊक नाही. आपल्या भाषेत सुगंधाचं शास्त्र लिहिलं गेलं होतं, आणि आज आपण दुकानातल्या कार्डावरून शिकतो आहोत, याचं थोडं वाईट वाटलं. असो.

मोगल दरबाराचा थाट तर जगजाहीर. आईन-इ-अकबरीत अबुल फजल बादशहाच्या खुशबूखान्याची माहिती देतो, फुलांच्या याद्या देतो. जहांगीर आपल्या आठवणींत गुलाबाच्या अत्तराच्या शोधाचं श्रेय नूरजहानची आई अस्मत बेगम हिला देतो. गुलाबपाणी काढताना भांड्याच्या तोंडाशी जमलेली तेलकट साय तिने वेगळी केली. बादशहा इतका खूश झाला की त्याने तिला मोत्यांचा हार दिला, आणि सलीमा सुलतान बेगमने त्या अत्तराला 'इत्र-इ-जहांगिरी' नाव दिलं. शोध सासूचा, नाव जावयाचं! आमच्या कचेरीत टिपणी कारकून लिहितो आणि खाली सही साहेबाची असते, त्यातलाच प्रकार.

मराठ्यांच्या दरबारातही अत्तर-गुलाब आणि पान झालं की बैठक संपली असं समजायचं. ती रीत पुण्यापासून ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्यापर्यंत गेली आणि आपल्या लग्नांत, हळदीकुंकवांत आजही उरली आहे. मनगटावर अत्तराचं बोट, अंगावर गुलाबदाणीतले चार थेंब. तिथे पाहुण्याचा स्वभाव कोण विचारतो? रागीट मामाला आणि लाजऱ्या नव्या सुनेला एकाच कुपीतलं अत्तर.

आता युरोपकडे वळू, कारण 'व्यक्तिमत्त्वाला शोभणारा सुगंध' ही कल्पना तिकडून आली.

आमच्या गोव्याचं पहिलं मोठं वनस्पतीविषयक पुस्तक लिहिलं ते गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने. ते १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. पणजीच्या त्या उद्यानाला नाव दिलंय ते याच्याच. औषधांच्या त्या संवादांमध्ये त्याने पारिजातकावर लिहिलं आहे. नाव काय दिलं? 'आर्व्होरे त्रिश्ते', म्हणजे दुःखी झाड. रात्री फुलतं आणि पहाटे फुलं गाळून टाकतं, म्हणून. सूर्यावर प्रेम करून त्याने टाकलेल्या मुलीच्या राखेतून हे झाड उगवलं, अशी इथे ऐकलेली कथाही तो देतो. पुढे १७५३ मध्ये लिनियसने शास्त्रीय नाव देताना तेच दुःख 'आर्बोर-ट्रिस्टिस' म्हणून कायम केलं. आता आपल्याला पारिजातक म्हटलं की काय आठवतं? स्वर्गातून आणलेलं झाड, सत्यभामेचा रुसवा, अंगणातला केशरी देठांचा सडा. फूल तेच, वास तोच. एकाला ते रडतंय असं वाटलं, दुसऱ्याला ते रुसवा काढणारं वाटलं. फुलाचं व्यक्तिमत्त्व फुलात नसतं, बघणाऱ्याच्या गोष्टीत असतं, याला याहून चांगला दाखला मला तरी सापडला नाही.

युरोपात अठराव्या शतकापर्यंत श्रीमंत लोक कस्तुरी, अंबर, जवादी यांसारखे भारी, प्राणिज वास वापरत. फ्रेंच इतिहासकार आलाँ कोर्बँ याने १९८२ मध्ये वासाच्या इतिहासावर एक गाजलेलं पुस्तक लिहिलं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अभिरुची कशी पालटली हे त्यात दाखवलं आहे. कस्तुरीचा वास दांडगा, असभ्य ठरला. कुलीन बाईला गुलाबपाणी, लव्हेंडर, व्हायोलेट असे हलके फुलांचे वास तेवढे योग्य ठरले. तेही अंगाला लावायचे नाहीत, हातरुमालाला लावायचे. अंगाला भडक अत्तर लावणारी बाई कशी असेल, याची समाजाने मनाशी गाठ मारून टाकलेली होती. हलका फुलांचा वास निरागस तरुणीला शोभतो, हे कार्डावरचं वाक्य इथून, दीडदोनशे वर्षांच्या त्या शिष्टाचारातून आलेलं आहे. निसर्गाचा तो नियम नव्हे.

फळांपैकी लिंबू-संत्र्याचं कुळ मात्र युरोपात आधीच बाटलीत आलेलं होतं. योहान मारिया फारिना या मूळ इटालियन माणसाच्या जर्मनीतल्या कोलोन शहरातल्या पेढीची सुरुवात १७०९ ची. त्याच्या सुगंधी पाण्याला शहराचं नाव मिळालं, ओ द कोलोन. त्याआधीच्या वर्षी भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने या वासाची तुलना पाऊस पडून गेलेल्या इटलीतल्या वसंताच्या सकाळीशी केली होती. हे पाणी युरोपभर बायकांनीही वापरलं आणि नेपोलियननेही, आणि नेपोलियनचा स्वभाव निरागस होता असं कुणी म्हटल्याचं मी वाचलेलं नाही! आमच्या आजोबांच्या फडताळातही कोलोनची एक बाटली असायची. ताप चढला की कपाळावरच्या घडीला तिचे चार थेंब. लहानपणी मला तो तापाचाच वास वाटायचा.

पण पीच, सफरचंद, नासपती यांचं काय? इथे खरी अडचण होती. लिंबाच्या सालीत तेल असतं, दाबलं की निघतं. गुलाब, केवडा भट्टीवर चढवून ऊर्ध्वपातनाने अर्क निघतो. रसाळ फळात मात्र बहुतेक पाणी. वास देणारा अंश अगदी थोडा, आणि तापवलं की त्याचा मुरंबा. आमच्या मानकुराद आंब्याचं अत्तर भट्टीतून का निघत नाही, याचं कारण हेच.

ही वाट रसायनशास्त्राने मोकळी केली. १८५१ मध्ये लंडनला जे मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, त्यात कृत्रिम फळांचे अर्क मांडलेले होते. नासपतीचा, सफरचंदाचा, अननसाचा. गोळ्या-मिठाईवाल्यांना ते आवडले. अत्तरकारांना मात्र ते फार बाळबोध वाटत असावेत, कारण उंची सुगंधात रसाळ फळ यायला बराच वेळ लागला. १९०८ च्या सुमारास गॅमा-अनडेकॅलॅक्टोन नावाचा पदार्थ रसायनशास्त्रज्ञांच्या हाती आला. त्याला हुबेहूब पिकल्या पीचचा वास. व्यापारात त्याला 'अल्डिहाइड सी-चौदा' म्हणू लागले. गंमत अशी की तो अल्डिहाइड नाही आणि त्यात कार्बनचे अणू चौदा नाहीत, अकरा आहेत. चुकीचं नाव एकदा नोंदवहीत चढलं की निघत नाही, हे फक्त सरकारी दप्तरातच होतं असं समजू नका.

१९१९ मध्ये पॅरिसच्या जाक गेरलाँने हे पीच आपल्या 'मित्सुको' या सुगंधात वापरलं. नाव क्लोद फारेरच्या १९०९ च्या एका कादंबरीतल्या जपानी नायिकेचं. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं. त्यातलं पीच कोवळ्या पोरीचं नाही. खाली ओलं शेवाळं, मसाले, मधे गुलाब-मोगऱ्याच्या जातीची फुलं, आणि त्यावर पिकलेलं फळ. जाणकार आजही त्याला गंभीर, प्रौढ सुगंध मानतात. म्हणजे रसाळ फळ उंची सुगंधात शिरलं तेव्हा ते 'निरागस तरुणी'साठी आलंच नव्हतं! दोन वर्षांनी, १९२१ मध्ये, शानेलचा 'नंबर पाच' आला. एर्नेस्त बो याने तो केला. कुठल्याही एका फुलाचा वास त्यात ओळखू येऊ नये, असा तो होता. बाई म्हणजे एक फूल नव्हे, असंच जणू त्यांना म्हणायचं असावं.

मग जाहिरातींचा जमाना आला आणि प्रत्येक बाटलीला एक स्वभाव चिकटवणं सुरू झालं. १९७३ मध्ये अमेरिकेत रेव्हलॉनने 'चार्ली' काढलं. नाव पुरुषाचं, जाहिरातीत पँट घालून ताडताड चालणारी, स्वतः कमावणारी बाई. तोवर सुगंध म्हणजे बाईला कुणीतरी भेट द्यायची वस्तू. ही बाई स्वतःच्या पैशाने घेत होती. १९८० च्या दशकात वास इतके दणकट झाले की काही अमेरिकन उपाहारगृहांनी ठरावीक सुगंध लावून येऊ नका असं सांगितल्याच्या बातम्या आल्या. त्याला कंटाळून १९९० नंतर गाडी उलट फिरली. हलके, धुतल्यासारखे वास आले. १९९४ चं 'सीके वन' तर स्त्री-पुरुष दोघांसाठी म्हणूनच निघालं. दिओरचं 'जादोर' १९९९ चं, कालिस बेकर या अत्तरकार बाईने केलेलं, फुलांच्या गुच्छाला फळांचा हलका स्पर्श. त्यानंतर फुलाफळांच्या सुगंधांचा पूर आला, आणि कॉलेजच्या मुली हेच गिऱ्हाईक समोर धरून पुष्कळसे बेतले गेले. १९९१ नंतर आपला बाजार खुला झाला होता, तेव्हा आपल्याकडेही ते आले. बाटलीबरोबर कार्ड आलं आणि कार्डाबरोबर स्वभाव.

याच काळातली एक गोष्ट मला विसरता येत नाही. लांकोमने १९९० मध्ये 'त्रेझोर' काढलं. सोफिया ग्रोयस्मनचं काम. गुलाब आणि पीच-जर्दाळू. त्याचा चेहरा होती इझाबेला रोसेलिनी ही अभिनेत्री, तेव्हा वय अडतीसच्या आसपास. काही वर्षांनी, चाळिशी ओलांडल्यावर, कंपनीने तिच्याशी करार थांबवला. वय वाढलं म्हणून आपल्याला काढलं, असं तिने पुढे मुलाखतींत उघड सांगितलं. आणि २०१६ मध्ये त्याच कंपनीने तिला पुन्हा बोलावलं. तेव्हा ती त्रेसष्ट वर्षांची होती. मधल्या काळात पीचचा वास बदलला नव्हता आणि गुलाबाचाही नाही. कुणाला काय शोभतं याचा हिशेब तेवढा बदलला होता.

आता परत आमच्या घरी यायला हवं.

माझे वडील गेले तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. हातात इतिहासाची बी.ए.ची पदवी, डोक्यात सुधारकांची चरित्रं. आगरकर आणि कर्वे यांच्यावर मी भाषणं ठोकलेली होती. तोवर आईच्या केसांत फूल नाही असा दिवस मला आठवत नाही. उन्हाळ्यात सुरंगी, पावसात जायांची फाती. म्हार्दोळला म्हालसेच्या देवळात जायांची पूजा असते, त्या दिवशी गाभारा फुलांनी भरून जातो आणि देऊळभर वास दरवळतो. आई दरवर्षी जायची आणि परत येताना पदरात वास घेऊन यायची. तेराव्यानंतर एका शेजारणीने नेहमीच्या सवयीने दारात फाती आणून दिली. घरातल्या थोरल्या बायकांनी ती परस्पर देवाला वाहिली. आईने हात पुढे केला नव्हता, पण फातीकडे बघितलं होतं. मी तिथेच खांबाला टेकून उभा होतो. मी काही बोललो नाही.

मग हळदीकुंकवाला आई स्वयंपाकघरात. बाहेर अत्तर-गुलाब फिरायचं, आत ती वाटली डाळ आणि पन्हं काढून द्यायची. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्रह्मचाऱ्याला गंध आणि माला वर्ज्य सांगितल्या आहेत. पण ब्रह्मचाऱ्याचं ते व्रत शिक्षणापुरतं, घरी परतला की सुटतं. विधवेबद्दल पाचव्या अध्यायात म्हटलंय की तिने शुद्ध फुलं, मुळं, फळं खाऊन देह झिजवावा. फूल आणि फळ दोन्ही तिच्या वाट्याला आली, पण खाऊन झिजण्यासाठी. ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला. पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा गावात बंद. महाराष्ट्र सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांनीही तसं करावं असं सुचवलं. परिपत्रक म्हणजे काय चीज असते हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. ते फायलीला लागतं आणि पुष्कळदा तिथेच राहतं. तरीही त्या गावाचं मला कौतुक वाटतं. तिथे निदान कुणीतरी बोललं. मी खांबाला टेकून उभा होतो.

म्हणून 'म्हाका सोबना' हे मला इतकं लागलं. दुकानातलं कार्ड आणि आमच्या घरातल्या त्या थोरल्या बायका यांत फार अंतर नाही. दोघंही सांगतात की हा वास या वयाच्या, या अवस्थेच्या बाईचा आणि त्या बाईचा नव्हे. एकाला माल खपवायचा असतो, दुसऱ्याला रीत पाळायची असते. ज्याच्या नाकापर्यंत वास पोचायचा, त्याला मात्र कुणी विचारत नाही.

चतुर्थीच्या तिसऱ्या दिवशी, पाहुणे गेल्यावर, मुलीने पुन्हा बाटली काढली. या वेळी तिने आजीला काही समजावलं नाही. कागदाच्या कपट्यावर एक फवारा मारला आणि नुसता आजीच्या हातात दिला. आईने तो नाकाशी धरला, डोळे मिटले. मी वर्तमानपत्र वाचण्याचं सोंग करून बघत होतो.

"कवठी चाफो," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आमच्या कुळारा, बांयकडेन आशिल्लो."

कुळार म्हणजे माहेर. त्या विहिरीजवळच्या झाडाबद्दल आई एरवी कधी बोललेली मला आठवत नाही. त्यानंतर अर्धा तास बोलत होती. पहाटे उठून फूल कोण आधी काढतं यावरून बहिणींची भांडणं, फूल साडीच्या घडीत ठेवायचं, शाळेत वहीत लपवायचं, आणि ते झाड एका पावसाळ्यात कसं उन्मळून पडलं. कार्डावरचा तो राहिलेला चौथा गुण मला त्या अर्ध्या तासात सापडला.

"लावू का, आजी?" मुलीने विचारलं.

आईने माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे का बघितलं, हे मला चांगलंच कळलं. मी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि म्हटलं, "लाव, आई. सोबता."

"आंगाक नाका," ती म्हणाली, "रुमालाक लाय."

मुलगी हसली. तिला वाटलं आजी अत्तर जपून वापरते आहे. मला मात्र दीडशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या बायका आठवल्या. पण ते मी बोललो नाही. प्रत्येक वेळी इतिहास सांगायलाच हवा असं नाही. रुमाल मीच आणून दिला.